ताटाचे छायाचित्र आणि सुरीचे बक्षीस

घरी केलेल्या पदार्थाचे छायाचित्र पाठवावे, परीक्षकांनी त्यांतून सर्वांत देखणे निवडावे आणि विजेत्या गृहिणीला स्वयंपाकात वापरावयाची एक उंची सुरी बक्षीस द्यावी, अशा प्रकारच्या स्पर्धा आता जागोजागी होऊ लागल्या आहेत. भांड्यांचे कारखानदार त्या भरवितात, मसाल्यांचे आणि तेलाचे व्यापारी भरवितात, नियतकालिके भरवितात, आणि श्रावणात किंवा नवरात्रात गृहनिर्माण संस्थांची महिला मंडळेही भरवितात. प्रवेशमूल्य नसते. प्रत्येकीच्या हातातील मोबाइलमध्ये कॅमेरा असतो. चार कौतुकाचे शब्द आणि नशिबात असेल तर एक लखलखीत पाते, यापलीकडे कोणाची अपेक्षाही नसते. हे सारे इतके निरुपद्रवी दिसते की, राजकीय साप्ताहिकाने त्याची दखल घ्यावी याचेच काही वाचकांना नवल वाटेल. महागाई आणि बेकारी यांसारखे प्रश्न समोर असताना सुरीच्या बक्षिसाची चर्चा कशाला, अशी शंका कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु एखादा समाज आपल्या श्रमिकांकडे कोणत्या नजरेने पाहतो हे त्याच्या कायद्यांवरून जितके कळते, तितकेच तो वाटत असलेल्या बक्षिसांवरूनही कळते.

उत्तम विणकाम केल्याबद्दल गिरणीतील साचेवाल्याला मालकाने समारंभपूर्वक एक धोटा भेट दिला, किंवा खाणीतील मजुराला विक्रमी उत्पादनाबद्दल नवी पहार दिली, तर त्या प्रसंगातील विसंगती कोणाच्याही ध्यानात येईल. धोटा आणि पहार ही कामाची हत्यारे. ती पुरविणे हे मालकाचे कर्तव्य, आणि ती मिळाल्याने मजुराचे काम वाढते, कमी होत नाही. गृहिणीला मात्र सुरी, कुकर, तवा किंवा मिक्सर बक्षीस दिला तर कोणालाच काही वावगे वाटत नाही. तिचे काम हे काम नसून तिचा स्वभावच आहे, असे गृहीत धरल्यामुळे हे घडते. ज्याला काम मानलेलेच नाही त्याला वेतन कसले? त्याला फार तर शाबासकी मिळते, आणि ती शाबासकीही पुन्हा त्याच ओट्यापाशी नेऊन उभी करणारी असते.

बक्षीस आणि हक्क

बक्षीस आणि वेतन यांतील भेद मुंबईच्या गिरणी कामगारांनी मोठी किंमत देऊन समजून घेतला आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत गिरणीमालक वर्षाकाठी बोनस देऊ लागले होते. मंदीची चाहूल लागताच त्यांनी १९२३ सालचा बोनस नाकारला, आणि १९२४ च्या प्रारंभी शहरातील गिरण्या संपामुळे बंद पडल्या. मालकांचे म्हणणे असे की, बोनस ही खुशीची देणगी आहे. देणाऱ्याची मर्जी असेल तेव्हा तो द्यावा, नसेल तेव्हा देऊ नये. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीनेही कामगारांना बोनसवर कायदेशीर हक्क सांगता येणार नाही असाच निर्वाळा दिला. त्यानंतर चार दशके लढे झाले, लवादांपुढे वाद झाले, आणि १९६५ च्या कायद्याने बोनस हा हक्क ठरला. मिळणारी रक्कम एका अर्थी तीच होती. बदलले ते तिच्यामागील नाते. देणगी घेणाऱ्याने आभार मानावयाचे असतात. हक्काची रक्कम घेणाऱ्याला ताठ मानेने हिशेब विचारता येतो.

घरातील स्त्रीच्या श्रमाबाबत समाज अद्याप १९२४ च्या गिरणीमालकाच्याच भूमिकेवर उभा आहे. तिला कौतुक मिळते, सणाला साडी मिळते, स्पर्धेत सुरी मिळते. हिशेब मात्र मिळत नाही.

स्पर्धेचे अर्थशास्त्र

अशा स्पर्धा भरविणाऱ्याला त्यातून काय मिळते, हे पाहण्यासाठी त्यांचा इतिहास उपयोगी पडतो. हा प्रकार अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. १९२५ साली हवाई बेटांवरील अननसाच्या एका बड्या कंपनीने डबाबंद अननसाच्या पाककृतींची स्पर्धा जाहीर केली. सुमारे साठ हजार प्रवेशिका आल्या, आणि त्यांपैकी अडीच हजार एकाच पदार्थाच्या, म्हणजे अननसाच्या उलट्या केकच्या होत्या असे सांगतात. साठ हजार स्वयंपाकघरांत त्या कंपनीचे डबे विकत घेतले गेले, उघडले गेले, प्रयोग झाले, काही फसले, काही साधले. बाजारात माल कसा खपेल याचा असा विस्तृत अभ्यास एखाद्या कंपनीने पगारी माणसे नेमून केला असता तर त्याला केवढा खर्च आला असता! येथे तो फुकटात झाला; आणि ज्या पाककृती जमल्या त्या पुस्तकरूपाने पुन्हा त्याच गृहिणींकडे, त्याच डब्यांची जाहिरात म्हणून परत गेल्या. ते अननस मळ्यांत तोडणारे जपानी आणि फिलिपिनो मजूर तर या आनंदसोहळ्यात कोठेच नव्हते.

१९४९ साली पिल्सबरी या पीठ विकणाऱ्या कंपनीने न्यूयॉर्कच्या एका आलिशान हॉटेलात भट्ट्यांच्या रांगा मांडून राष्ट्रीय स्पर्धा घेतली. पाककृतीत कंपनीचेच पीठ वापरलेले असावे ही मुख्य अट होती. पहिले बक्षीस ५० हजार डॉलरचे होते आणि समारंभाला खुद्द एलिनॉर रूझवेल्ट उपस्थित होत्या. ते बक्षीस थिओडोरा स्मॅफील्ड यांनी पटकाविले. पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांचा निर्देश पतीच्या नावाने, म्हणजे श्रीमती राल्फ स्मॅफील्ड असाच होत असे. हाताला बक्षीस मिळाले, नाव मात्र मिळाले नाही. पुढे १९६६ च्या स्पर्धेत टेक्सासच्या एला हेल्फ्रिच यांचा चॉकलेटचा केक दुसरा आला आणि त्यांना पाच हजार डॉलर मिळाले. तो केक मधोमध पोकळी असलेल्या एका विशिष्ट साच्यातच होत असे. तोवर फारसा कोणी न विचारलेल्या त्या साच्यासाठी कंपनीकडे दोन लाखांवर विचारणा झाल्या आणि साचा बनविणाऱ्या कारखानदाराचा धंदा रातोरात भरभराटीस आला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा प्रसंग अवश्य ध्यानात ठेवावा. स्पर्धेत हत्यार बक्षीस म्हणून दिले जाते तेव्हा त्याचा हेतू एका विजेतीला संतुष्ट करण्याचा नसतो. उरलेल्या हजारो जणींना ते विकत घ्यावेसे वाटावे हा असतो. एका सुरीची घाऊक किंमत हा त्या जाहिरातीचा खर्च, आणि हजारो घरांतून आलेली छायाचित्रे हा तिचा नफा. प्रवेशिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या अटी वाचल्या तर बहुधा असे आढळते की, छायाचित्र वापरण्याची मुभा पाठविणारीने आयोजकांना कायमची देऊन टाकलेली आहे. आपल्या कायद्यानुसार छायाचित्रावरील पहिला हक्क सामान्यतः ते काढणाऱ्याचा असतो. तो हक्क येथे सुरीच्या आशेवर सोडून दिला जातो, आणि सुरी मिळते एकीलाच.

याच अमेरिकन स्पर्धेतील आणखी एक घटना बोलकी आहे. १९९६ साली पहिले बक्षीस वाढवून दहा लाख डॉलर करण्यात आले, आणि त्या वर्षी ते प्रथमच एका पुरुषाने, कर्ट वेट यांनी जिंकले. त्यात त्या गृहस्थांचा काही दोष नाही. त्यांचा केक उत्तम असणार. परंतु एका मोठ्या नियमाशी ही घटना जुळते. लग्नातील आचारी पुरुष, हॉटेलातील मुख्य बल्लव पुरुष, मिठाईच्या दुकानातील हलवाई पुरुष. जेथे स्वयंपाकाला दाम आहे तेथे तो पुरुषांचे कसब ठरतो. जेथे दाम नाही तेथे तो स्त्रियांचा जन्मजात गुण ठरतो. हाताच्या चवीत स्त्री-पुरुष असा फरक नाही, तो पैशाने पाडलेला आहे.

छायाचित्रात न येणारे

छायाचित्र ही मोठी प्रामाणिक कला आहे असा समज आहे. वास्तविक चौकटीत काय घ्यावयाचे याहून चौकटीबाहेर काय ठेवावयाचे, हेच तिथे आधी ठरते. स्पर्धेच्या छायाचित्रात ताट येते, त्यावरील कोथिंबीर येते, केळीचे पान आणि पितळी वाटी येते. पहाटे भरलेले पाणी येत नाही. निवडलेले तांदूळ, सोललेला लसूण, खरकटी भांडी, पुसलेला ओटा आणि उद्या काय करावयाचे ही न संपणारी चिंता यांपैकी काहीही येत नाही. वर्षातून एकदा मन लावून सजविलेले एक ताट दिसते; त्याच्या मागची वर्षातील हजारभर जेवणे दिसत नाहीत. आणि ते ताट शेवटी कोणी खाल्ले हेही दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या शरीरात रक्ताची कमतरता आढळली. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या गृहिणीचे ताट कोणत्याही स्पर्धेत पाठविले जात नाही.

याहूनही गंभीर प्रश्न असा की, छायाचित्रातील पदार्थ केला कोणी? १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने एका मोठ्या व्यापारी कंपनीने गोधड्यांची स्पर्धा घेतली होती. मंदीचे दिवस, एकूण बक्षिसे साडेसात हजार डॉलरची. सुमारे पंचवीस हजार गोधड्या आल्या. पहिले बक्षीस केन्टकी राज्यातील एका दुकानदार बाईंना मिळाले आणि ती गोधडी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला भेट देण्यात आली. पुढे संशोधनातून उघड झाले की, त्या बाईंनी तिला एक टाकाही घातलेला नव्हता. गोधडी शिवली होती ती मजुरीवर ठेवलेल्या गरीब बायकांनी. त्यांना तुटपुंजी मजुरी मिळाली. बक्षिसातील छदामही मिळाला नाही. त्या दिवसांत काम जाईल या धास्तीने त्यांना तोंड उघडणेही शक्य नव्हते.

आपल्या शहरांतील मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांना ही गोष्ट परकी वाटू नये. पुण्यामुंबईच्या असंख्य घरांत पोळ्या लाटणारे, भाजी चिरणारे हात मजुरीचे असतात. त्या हातांच्या मालकिणीला 'मावशी' म्हणून हाक मारतात; पण या मावशीला आजारपणाची रजा नसते, म्हातारपणी निवृत्तिवेतन नसते, आणि काम सुटले तर जाब विचारण्याची सोय नसते. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. घरकामगारांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली जिनिव्हात संमत झाला, पण भारताने त्यावर अद्याप मान्यतेची मोहोर उमटविलेली नाही. मावशींनी लाटलेल्या पुरणपोळीचे छायाचित्र बाईंच्या नावाने स्पर्धेत गेले आणि सुरी मिळाली, तर ती सुरी कोणाची, हा प्रश्न एकाही नियमावलीत विचारलेला नसतो. आणि गंमत अशी की, ती बक्षिसाची सुरी दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्याच हातात येते.

त्या सुरीलाही तिचा इतिहास आहे. मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या विळीवर चिरले जात असे. विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी हलते; चिरणारीला मात्र पाटावर पाय मुडपून बसावे लागते. उभ्या ओट्याबरोबर सुरी आली आणि पाठीचा एक त्रास कमी झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. चांगले हत्यार हा श्रमिकाचा मित्रच असतो. पण ज्या पात्याच्या चकाकीचे एवढे कौतुक होते त्यालाही धार लावणारा कोणी असतोच. इंग्लंडमधील शेफिल्डच्या धार लावणाऱ्या कामगारांच्या छातीत दगडाची व पोलादाची धूळ भरून ते ऐन तारुण्यात मरत, याची हकिकत एंगल्सने १८४५ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदविली आहे. सुरीच्या लखलखाटात धार लावणारा दिसत नाही आणि ताटाच्या रंगसंगतीत रांधणारी दिसत नाही. बाजार वस्तू दाखवितो आणि तिच्यामागील माणूस झाकतो.

हिशेबाच्या बाहेर

हा दोष केवळ स्पर्धा भरविणाऱ्यांचा असता तर त्यांच्यावर टीका करून थांबता आले असते. परंतु खुद्द अर्थशास्त्राने याहून वेगळे काही केलेले नाही. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती केंब्रिजच्या पिगूंनी १९२० सालीच दाखविली होती. काम तेच, हात तेच, पोळीही तीच. पगार थांबला म्हणून ती हिशेबातून नाहीशी झाली. सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा अंदाज मांडला तेव्हा गृहिणींच्या सेवा त्यातून वगळल्या. त्याच वर्षी मार्गारेट रीड या विदुषीने घरगुती उत्पादनावरील ग्रंथात एक साधी कसोटी सुचविली: जे काम पैसे देऊन त्रयस्थाकडून करून घेता येते ते उत्पादनच होय, मग ते घरात विनामोबदला का झालेले असेना. स्वयंपाक या कसोटीला शंभर टक्के उतरतो. तरीही आज जगभर चालू असलेल्या हिशेबपद्धतीत शेतकऱ्याने घरच्यासाठी पिकविलेली ज्वारी राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते, आणि त्या ज्वारीची भाकरी थापणारे श्रम धरले जात नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली महालनोबिस, धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव अशा दिग्गजांची राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. तिच्याही आकडेमोडीत चुलीपुढची स्त्री आली नाही.

ती किती वेळ राबते हे आता सरकारी पाहणीतूनच समजते. २०१९ सालच्या राष्ट्रीय कालवापर पाहणीनुसार सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१ टक्के आणि पुरुषांपैकी केवळ २६ टक्के विनामोबदला घरकाम करीत होते. आणि असे काम करणाऱ्यांत स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचे ९७ मिनिटे जात होते. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. पाच वर्षांत स्त्रियांच्या कामातील दहा मिनिटे कमी झाली, आणि पुरुषांच्याही नऊ मिनिटे कमी झाली! गॅस आला, मिक्सर आला, तयार पिठे आणि मसाले आले. त्यातून वाचलेला वेळ दोघांनी घेतला, पण कामाची वाटणी होती तेथेच राहिली. यंत्राने काम हलके होते, वाटणी मात्र यंत्राने बदलत नाही. उत्तम सुरीनेही ती बदलणार नाही.

न्यायालयांनी या श्रमाचे मोल करण्याचा प्रयत्न केला आहे, पण केव्हा? जमशेदपूर येथे १९८९ साली एका समारंभात लागलेल्या आगीत अनेक स्त्रिया आणि मुले मृत्युमुखी पडली. त्या प्रकरणी २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल दरमहा तीन हजार रुपये धरले. २०१० च्या एका निकालपत्रात न्यायालयाने, जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर अनुत्पादक वर्गात घातल्याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली. आणि २०२१ साली गृहिणीच्या श्रमाला आर्थिक मूल्य आहे या तत्त्वाचा पुन्हा ठाम उच्चार केला. निकाल स्वागतार्ह आहेत. पण ते सारे अपघाती मृत्यूनंतरच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांतील आहेत. जिवंतपणी ज्या स्त्रीच्या श्रमाला शून्य किंमत होती तिच्या श्रमाचा भाव ती गेल्यावर निघतो, आणि ती रक्कमही साहजिकच इतरांना मिळते.

टवाळी नको

येथपर्यंत वाचून एखाद्या उत्साही कार्यकर्त्याला वाटेल की, अशा स्पर्धांवर बहिष्कार पुकारावा आणि त्यांत भाग घेणाऱ्या भगिनींना त्यांच्या भाबडेपणाची जाणीव करून द्यावी. हा विचार चुकीचा आहे, आणि त्यात एक जुना पुरुषी अहंकारही दडलेला आहे. वर्षानुवर्षे ज्या कामाची घरात कोणी दखल घेत नाही त्याला बाहेरच्या कोणी 'छान' म्हणावे, ही इच्छा पूर्णपणे मानवी आहे. स्वयंपाक ही विद्या आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली 'गृहिणी-मित्र' सिद्ध केले आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले. या ग्रंथांत प्रमाण, क्रम, तापमान यांचे जे शिस्तबद्ध ज्ञान आहे ते कोणत्याही प्रयोगशाळेला शोभण्यासारखे आहे. त्या विद्येचा अभिमान बाळगणाऱ्या स्त्रीची टवाळी करणारा कार्यकर्ता घरी जाऊन तिनेच वाढलेले गरम जेवण जेवणार असेल, तर त्याच्या समाजवादाची धार त्या बक्षिसाच्या सुरीहूनही बोथट म्हटली पाहिजे. स्पर्धेत उतरणारी स्त्री चूक करीत नाही. तिची कौतुकाची भूक खरी आहे; त्या भुकेला मिळणारे अन्न मात्र निकृष्ट आहे.

मग उपाय कोणता? घरकामाला वेतन द्यावे ही मागणी १९७२ साली इटलीतील पाडुआ येथून पुढे आली आणि जगभर तिच्यावर वाद झाले. वेतन मिळाले की स्त्री कायमची चुलीशी बांधली जाईल, हा आक्षेप वजनदार आहे. वेतन मागितल्याखेरीज तिचे काम दिसणारच नाही, हे उत्तरही तितकेच वजनदार आहे. आपल्या देशात राज्य सरकारांनी स्त्रियांच्या खात्यांत थेट रक्कम भरण्यास प्रारंभ केल्यापासून या वादाला नवे रूप आले आहे. तमिळनाडूने २०२३ साली दरमहा हजार रुपयांची योजना आणली. तिच्या नावातच 'हक्काची रक्कम' अशा अर्थाचा शब्द आहे. महाराष्ट्राने २०२४ साली दरमहा दीड हजार रुपयांची योजना आणली. तिचे नाव 'लाडकी बहीण'. रक्कम महाराष्ट्राची मोठी, पण शब्द तमिळनाडूचा मोठा. बहिणीला ओवाळणी मिळते, श्रमिकाला हक्क मिळतो. गरीब घरातील स्त्रीच्या हाती पैसे पडतात याचे स्वागतच केले पाहिजे. पण ती रक्कम सुरीच्या बक्षिसाची थोरली बहीण ठरू नये, यासाठी तिला हक्काचे नाव मिळवून देणे हे चळवळीचे काम आहे.

या बाबतीत महाराष्ट्राला परक्या देशांकडून शिकण्याची फारशी गरज नाही. १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्यांमागे हजारो गृहिणी हातात लाटणे घेऊन रस्त्यावर उतरल्या. लाटणे हेही सुरीप्रमाणे स्वयंपाकघरातील एक हत्यारच. फरक इतकाच की ते त्यांना कोणी बक्षीस दिलेले नव्हते. ते त्यांचे स्वतःचे होते, आणि त्यांनी ते धान्याच्या व तेलाच्या भावाचा जाब विचारण्यासाठी उचलले होते. त्याच काळात, १९७५ साली, गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या बायकांना संघटित करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले. या बायका गिरणी कामगारांना जेवू घालीत आणि स्वतः सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. संघटना झाल्यावर राष्ट्रीयीकृत बँकेचे दरवाजे त्यांना उघडले. त्याआधी १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातून 'लिज्जत'ची संस्था वाढली, आणि तिच्यात पापड लाटणारी प्रत्येक भगिनी ही मालकीण मानली जाते. आणि ज्या वर्षी 'अन्नपूर्णा' उभी राहिली त्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १९७५ रोजी, आइसलँडमधील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी एक दिवस घरकामासह सर्व काम थांबविले. पुरुषांना मुले सांभाळीत चूल पेटवावी लागली आणि दुकानांतील झटपट शिजणारे सॉसेज संपून गेले. ज्या श्रमाचे मोल कोणत्याही तज्ज्ञाला मांडता आले नव्हते ते त्या एका दिवसात साऱ्या देशाला कळले.

या सर्व उदाहरणांत स्वयंपाकाचा तिरस्कार कोठेही नाही. चवीला, कसबाला, हाताला पूर्ण मान आहे. पण तो मान पदार्थावर न थांबता करणारीपर्यंत पोचला आहे. कौतुकाच्या जागी भाव, कर्ज, मालकी आणि विश्रांती यांची मागणी आली आहे.

पक्षाच्या शाखांनाही यातून काही कामे सुचण्यासारखी आहेत. महिला दिनाला किंवा सणासुदीला शाखेच्या वतीने पाककृतींची स्पर्धा ठेवण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती मोडण्याचे कारण नाही. मात्र प्रवेशिकेवर पदार्थाच्या नावाबरोबर तो करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे नाव असावे. घरी मजुरीने येणाऱ्या बाईचा हात लागला असेल तर तिचे नाव प्रथम असावे आणि बक्षिसात तिचा वाटा असावा. पदार्थास किती वेळ लागला, त्यात पाणी भरण्यापासून भांडी घासण्यापर्यंतचा वेळ धरून, हा रकाना भरणे सक्तीचे करावे. शाखेतील पुरुष सभासदांना या स्पर्धेत प्रेक्षक म्हणून मज्जाव करावा आणि स्पर्धक म्हणून प्रवेश द्यावा. छायाचित्रावरील हक्क काढणाऱ्याकडेच ठेवावा. आणि बक्षीस रोख द्यावे. त्या पैशांतून सुरी घ्यावी, पुस्तक घ्यावे की गावी जाण्याचे तिकीट काढावे, हे जिंकणारीने ठरवावे. घरकामगार स्त्रियांची मंडळाकडे नोंदणी करून देण्याचे काम त्याच दिवशी त्याच मांडवात करता येईल.

याहून एक काम कठीण आहे, कारण ते पक्षाच्या कार्यालयातच करावयाचे आहे. राममनोहर लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला प्रथम स्थान दिले. त्या विचाराचा वारसा सांगणाऱ्या शिबिरांत आजही भाषणे व्यासपीठावरील पुरुष करतात आणि मागे भटारखान्यात भाजी चिरण्यास महिला आघाडी बसते. हे दृश्य बदलण्यास ना कायदा लागतो, ना निधी लागतो. पुढच्या शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत वक्त्यांच्या नावांखाली स्वयंपाकाच्या पाळ्या छापाव्यात, त्यांत जिल्हाध्यक्षांपासून सर्वांची नावे असावीत, आणि पहिल्या दिवशीचा कांदा चिरण्याची पाळी त्यांचीच असावी.